मळ, मेद, खूण

दिवाळीची पहिली आंघोळ होती. कराडला भावाच्या घरी पहाटे पाचला न्हाणीघरातून रडण्याचा आवाज आला म्हणून मी उठून गेलो. वहिनी अकरा वर्षांच्या मुलाची मान उटण्याने घासत होत्या आणि पोरगं कळवळत होतं. "बघा हो भावोजी, किती मळ साठवलाय मानेवर. रोज घासते तरी जात नाही." दिव्याच्या उजेडात मी पाहिलं. मानेच्या मागे आणि गळ्याच्या घडीत कातडी काळसर झाली होती, जराशी जाड, बोट फिरवलं तर मखमलीसारखी. घासून घासून भोवतीची जागा लाल झाली होती. काळेपणा तिथेच होता.

तो मळ नव्हता. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी नुसती मान पाहून रक्ततपासणी लिहून दिली आणि वहिनींना सांगितलं की ही कातडी धुऊन निघणारी नाही, ती आतून आलेली आहे. शरीरातल्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा झाल्या की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. रक्तात त्याची पातळी चढती राहते, आणि ते वाढलेलं इन्सुलिन कातडीच्या पेशींनाही वाढायला लावतं. मानेवर, काखेत ती जागा गडद होते. वैद्यकात तिला अकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. पहिला शब्द ग्रीक, त्याच्या मुळाशी काटा. दुसरा लॅटिन, काळं पडत जाणारं. मराठीत तिला नाव नाही. नाव नसल्यामुळे आपण तिला हाताशी असलेला शब्द दिला, मळ, आणि मग मळाला जे करायचं ते केलं. किती घरांत किती पोरांच्या माना अशा घासल्या जात असतील, या विचाराने मला तेव्हापासून स्वस्थता नाही. म्हणून हे शब्द एकदा नीट उलगडून पाहावेत असं वाटलं.

मळ म्हणजे संस्कृतातला मल. आयुर्वेदाने शरीराची मांडणी केली ती दोष, धातू आणि मल अशा तीन पदरांत. मल म्हणजे शरीराने टाकायचं ते. धातू म्हणजे शरीराला धरून ठेवणारं ते, कारण त्या शब्दातच 'धा', धारण करणं, आहे. व्याकरणात क्रियापदाच्या मुळालाही आपण धातूच म्हणतो, कारण सगळी रूपं त्याच्यावर उभी असतात. सात धातू मोजले गेले: रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र. मेद त्यात चौथा, बरोबर मधोमध. मला ही जागा फार बोलकी वाटते. आज मेदाबद्दल जी क्रियापदं वापरली जातात ती सगळी मलाची आहेत: घालवायचा, जाळायचा, झडवायचा, काढून टाकायचा. जुन्या शब्दात मात्र तो टाकाऊ नाही, शरीर तोलून धरणाऱ्यांपैकी एक आहे.

या शब्दाच्या पोटात आणखी काय आहे पाहा. मेदाचा धातू 'मिद्', आणि पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ दिला आहे 'स्नेहन'. स्नेह म्हणजे तेल-तूप, आणि स्नेह म्हणजे माया. परंपरेने 'मित्र' या शब्दाची व्युत्पत्तीही याच मिद् धातूपासून लावली. आजचे भाषाशास्त्रज्ञ ती मानत नाहीत, पण ज्यांनी लावली त्यांच्या कानाला मेद आणि मैत्री शेजारी बसवताना काही खटकलं नाही, हे महत्त्वाचं. पृथ्वीला मेदिनी म्हणतात, त्याची पुराणकथा अशी की मधू आणि कैटभ या दैत्यांच्या मेदातून ती घडली. पाण्याने भरून आलेल्या गर्द ढगांना संस्कृत कवींनी 'मेदुर' म्हटलं. ज्या शब्दाच्या घरात माया, जमीन आणि पावसाळी ढग राहतात, तो शब्द आज फक्त आरशासमोर उभं राहून उच्चारला जातो.

मराठी बोलीने स्वतःचे शब्द घडवले, आणि त्यांच्यात दुष्काळाची आठवण आहे. तान्हं मूल अंग धरू लागलं की ते 'बाळसं धरतं'. बाळसेदार, गुटगुटीत ही कौतुकाची विशेषणं. कुणी स्तुती केली की आपल्या 'अंगावर मूठभर मांस चढतं'. आनंद मोजायला मांसाचं माप वापरणारी ही भाषा आहे. पगार मोठा असेल तर तो गलेलठ्ठ. माणूस 'खात्यापित्या घरचा' असतो. उलट वाळणं, सुकणं हे दोन्ही शब्द झाडाकडून आलेत, पाणी न मिळालेल्या झाडाकडून. पुण्या-मुंबईहून गावी गेलेल्या माणसाला आजी पहिलं वाक्य ऐकवते, "किती वाळलास रे!" १८७६ ते ७८चा, १९७२चा दुष्काळ पाहिलेल्या किंवा ऐकलेल्या मुलुखात ही चिंता खोटी नव्हती.

पण त्याच भाषेने दुसरीकडे चरबी हा शब्द घेतला. तो फारसी, 'चर्ब' म्हणजे तुपकट, त्यावरून चरबी. तो मराठीत आला आणि उद्धटपणाचा शब्द झाला. 'फार चरबी चढलीय तुला' हे वाक्य वजनाबद्दल नसतं, वागण्याबद्दल असतं. म्हणजे अंगावरचं मांस हे सुखाचंही लक्षण आणि माजाचंही. मधला, साधा, निर्मळ असा शब्द आपल्याकडे राहिलाच नाही. वर्गात एखाद्या मुलाला 'जाड्या' म्हणून हाक मारली जाते, ती वर्णन म्हणून नसते, आणि ते त्या मुलाला पहिल्या हाकेपासून कळतं.

हा दोष फक्त बोलीचा नाही. आयुर्वेदाचार्य चरकाने आपल्या संहितेत, सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात ज्या आठ प्रकारच्या माणसांत अतिस्थूल आणि अतिकृश धरले, त्या आठांना नावच 'निंदित' दिलं. मात्र त्याच अध्यायात स्थौल्याची कारणं सांगताना तो एका जागी थांबायला लावतो. जड, गोड, तुपकट अन्न, व्यायाम नसणं, दिवसा झोपणं, कशाची चिंता नसणं अशी सवयींची यादी होते, आणि शेवटी एक शब्द येतो: बीजस्वभाव. बीजातच तसं असणं. म्हणजे निंदितांच्या त्याच अध्यायात हेही लिहिलेलं आहे की काहींच्या बाबतीत गोष्ट त्यांच्या जन्माआधी ठरू लागते. आपण सवयींची यादी पाठ केली आणि शेवटचा शब्द विसरलो.

बीजाचा शोध आधुनिक काळात उंदरांपासून सुरू झाला. १९४९ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत, काही उंदीर असे जन्मले की त्यांचं खाणं थांबेना. त्यांच्यातल्या बिघडलेल्या जनुकाला 'ओबीज' या शब्दाची पहिली दोन अक्षरं मिळाली, ओबी. त्याच प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी पुढे असा उंदीर आणि निरोगी उंदीर यांचं रक्त एकमेकांत फिरेल असे ते जोडले, तेव्हा लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. निरोगी उंदराच्या रक्तात काहीतरी होतं जे याच्याकडे नव्हतं. ते 'काहीतरी' १९९४च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडलं. त्या जनुकापासून बनणारं प्रथिन खुद्द मेदाच्या पेशी तयार करतात आणि रक्तातून मेंदूला निरोप पाठवतात: साठा पुरेसा आहे, आता पुरे. नाव ठेवलं लेप्टिन.

लेप्टिन हा शब्द मला या साऱ्या कहाणीत सर्वांत आवडता आहे. ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे बारीक. मेदातून निघणाऱ्या द्रव्याला बारीकपणाचं नाव! मुंबई-ठाण्याच्या लोकांना हा शब्द पावसाळ्यातून ओळखीचा आहे. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर होणारा 'लेप्टो', म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, बारीक पिळदार जिवाणूंचा ताप. ग्रीकांचं सगळ्यांत लहान नाणं लेप्टॉन, आणि पदार्थविज्ञानातला हलका कण तोही लेप्टॉन. पण 'लेप्टोस'चा मूळ अर्थ नुसता बारीक नाही. तो 'सोललेला, टरफल काढलेला' असा आहे. धान्याचं फोल निघालं की आतून जो बारीक, स्वच्छ दाणा येतो, तो लेप्टोस. आपल्याकडे तांदूळ सडतात. उखळात घालून मुसळाने सडला की कोंडा सुटतो आणि पांढरा दाणा राहतो. अंगाने बारीक माणसाला मराठी 'सडसडीत' म्हणते. या दोन मराठी शब्दांचं नातं मी व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, कानाला लागलेला नाद म्हणून सांगतो. तरी ग्रीक खळ्यावर जी उपमा सुचली ती आपल्या उखळापाशीही बसते, याचा मला आनंद होतो.

लेप्टिन सापडलं तेव्हा वाटलं, औषध मिळालं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दोन मुलं दाखवली ज्यांच्या शरीरात लेप्टिन जवळजवळ नव्हतंच. पुढे अशा मुलांना लेप्टिन टोचून दिल्यावर त्यांची भूक शमली, वजन उतरलं. त्या मुलांना कुणी हावरट म्हटलं असेल तर ते किती खोटं होतं! त्यांच्या मेंदूपर्यंत 'पुरे' हा शब्दच पोचत नव्हता. पण अशी मुलं फार थोडी. बहुतेक स्थूल माणसांच्या रक्तात लेप्टिन कमी नसतं, जास्त असतं. मेद वाढला तसं तेही वाढलेलं असतं, फक्त मेंदू ऐकेनासा झालेला असतो. चरकाने स्थूल माणसाच्या अनावर भुकेचं कारण वेगळ्या चौकटीत सांगितलं: मेदाने वाटा अडतात, वायू कोठ्यातच फिरत राहतो आणि अग्नी भडकवतो. त्याला लेप्टिन ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. भूक हे केवळ कारण नसून परिणामही असू शकतो, एवढं मात्र त्याने पाहिलं होतं.

जनुकांच्या नावांतही निंदा शिरली होती. पायाची बोटं जुळलेल्या उंदरांवर काम करताना १९९९ मध्ये एका जनुकाला, ते लांबीने मोठं होतं म्हणून, 'फॅट्सो' असं नाव दिलं गेलं. इंग्रजीतली ती 'जाड्या'सारखीच हाक. २००७ मध्ये त्याच जनुकाचा माणसाच्या वजनाशी खराच संबंध दिसला, आणि मग त्याची संक्षिप्त अक्षरं तीच ठेवून त्यांचा विस्तार बदलला गेला. चुकीचा शब्द बदलता येतो, हे तिथे झालं.

भुकेचा निरोप देणारं घ्रेलिन जपानमध्ये १९९९ साली सापडलं. जठरातून निघणारं, जेवणाआधी वाढणारं. त्याचं नाव 'वाढणे' या अर्थाच्या आदिम भारोपीय मूळ शब्दावरून घेतलं आहे, एवढं नोंदवून पुढे जातो, कारण मला 'ओबेसिटी' या शब्दाकडे यायचं आहे.

लॅटिन 'ओबेसुस'. त्यातला मुख्य धातू 'एडेरे', खाणे. आणि हा धातू आपला सख्खा आहे: संस्कृत 'अद्' तोच, आणि अद् पासूनच अन्न. म्हणजे पानात वाढलेलं अन्न आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची ओबेसिटी एकाच मुळावर वाढलेल्या फांद्या आहेत. त्याहून नवल वेगळं आहे. ओबेसुस म्हणजे खाऊन खाऊन फुगलेला, हा अर्थ रूढ झाला. पण जुन्या लॅटिनमध्ये त्याचा दुसरा अर्थही होता, कुरतडून खाल्लेला, म्हणजे खंगलेला, कृश. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस या रोमन लेखकाने जुन्या कवीचा दाखला देऊन हा अर्थ नोंदवून ठेवला. एकच शब्द, लठ्ठही आणि बारीकही. कोशात वाचताना ही विसंगती वाटते. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत ती जिवंत माणसांत मोजली गेली.

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची पाहणी सुरू केली. शेतात राबणाऱ्या, सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास वजनाच्या बाया. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. फरक पाहून वाटेल, आपलं बाळ सगळ्याच अंगांनी कमी. तसं नव्हतं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत कातडी धरून मोजली तर तिथला मेद मात्र जवळपास टिकून होता. बाळ हाडापेराने बारीक आणि आतून मेदाळ. नाळेतलं रक्त तपासून पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांची तुलना झाली, तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं. 'नाळ जोडलेली आहे' असं आपण गावाबद्दल, मातीबद्दल म्हणतो. त्या नाळेतून काय वाहत येतं हे इथे मोजलं जात होतं. आईच्या ताटातली पालेभाजीही त्यात आली. ज्या बाया ती वरचेवर खात, त्यांची बाळं वजनाने बरी भरली.

२००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचे फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एका रांगेत बसवत होता आणि आतलं शरीर दुसरंच सांगत होतं.

बीएमआय हे सूत्र अ‍ॅडोल्फ केटले या बेल्जियन खगोलशास्त्रज्ञाने १८३२च्या सुमारास मांडलं ते 'सरासरी माणूस' शोधण्यासाठी. रोग ओळखणं हा त्याचा हेतू नव्हता. ते नाव १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी दिलं. मराठीत दोन शब्द आहेत, जड आणि जाड. एक काट्यावर कळतो, दुसरा डोळ्याला. कोल्हापूरच्या तालमीतला पहिलवान जड असतो, त्याचा बीएमआय स्थूलांत बसेल, आणि त्याच्या अंगात मेद थोडाच असतो. त्याच्याशेजारी ऑफिसातला चाळिशीचा कारकून उभा करा, हातापायांच्या काड्या, शर्ट सैल, फक्त 'पोट सुटलेलं'. तो जडही नाही, जाडही नाही. त्याला काय म्हणायचं? पोट सुटलंय असं म्हणून आपण त्याला सोडून देतो, आणि भारतीयांच्या मधुमेहाची गोष्ट बरीचशी त्या सुटलेल्या पोटातच आहे. म्हणून आपल्यासाठी मापं निराळी ठरली: बीएमआय २३च्या पुढे सावध, २५पासून स्थूल, कंबर पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पण शब्द अजून ठरलेला नाही. 'कृशमेदी' असा एक मी मनाशी घडवून पाहतो. जिभेवर तो रुळेल का, हे बोलणारे ठरवतील.

आता राहिला 'बायोमार्कर', म्हणजे शरीरात मोजता येणारं रोगाचं लक्षण. मराठी वैद्यकीय लेखनात जैवचिन्हक, जैवसूचक असे शब्द दिसतात. बरोबर आहेत, पण थंड आहेत. चिन्ह म्हटलं की पाटीवर रंगवलेलं काहीतरी डोळ्यापुढे येतं. आयुर्वेदाच्या निदानात एक नेमका शब्द आहे, पूर्वरूप: रोग उघड होण्याआधी त्याची पडलेली सावली. २०२५च्या आरंभी लॅन्सेटच्याच एका आयोगाने स्थूलतेचे दोन भाग केले, ज्यात अवयवांचं काम बिघडू लागलंय ती, आणि ज्यात अजून बिघडलेलं नाही ती. दुसऱ्या भागाला पूर्वरूप हा शब्द किती सहज बसतो. आणि घरात बोलायला 'चाहूल' आहे. चाहूल म्हणजे पाहुणा दारात दिसण्याआधी अंगणात वाजलेलं पाऊल. उपाशीपोटीचं वाढलेलं इन्सुलिन, मेद वाढला की उलट कमी होणारं अ‍ॅडिपोनेक्टिन हे संप्रेरक, यकृतावर चढू लागलेली चरबी, मानेची काळसर घडी: या चाहुली आहेत. चाहुलीत दोष नसतो. चाहूल लागली की माणूस दार उघडतो, कुणाला रागावत नाही.

तरी वहिनींशी बोलताना यातलं एकही मला वापरता आलं नाही. उन्हाळ्यात पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "मळ नाही म्हणता, मग याला म्हणायचं तरी काय?" मी म्हटलं, "खूण म्हणा, वहिनी." त्यांनी मान हलवली. मुलगा आता संध्याकाळी शाळेच्या मैदानावर जातो, बाटलीतलं गोड पाणी घरात येणं बंद झालं आहे, आणि मान कुणी घासत नाही.

त्या दिवशी त्याचा करदोटा बदलायचा होता. कटीचा दोरा तो करदोडा, करदोटा, कुठे करगोटा. जुना घट्ट झाल्याने दिवाळीनंतर वहिनींनी नवा बांधला होता, तो आता ढिला होऊन खाली घसरत होता. त्यांनी कात्रीने तो कापला, नव्या काळ्या दोऱ्याची गाठ मुलाच्या कमरेवर मारली, आणि कापलेला जुना दोरा टाकण्याआधी नव्याच्या उरलेल्या टोकाशी धरून पाहिला. मग बोटं मोजत मला म्हणाल्या, "भावोजी, दोन बोटं."